म्हणजेकाकूंचा ओटा

तर मी पोटमाळ्यात ताठ उभा, आणि डोक्यावर अजून चार बोटं जागा शिल्लक. काल आपण इथंच उठलो होतो ना? तुम्हाला कामं होती, मला नव्हती, म्हणून गोष्ट तशीच पोटमाळ्यात राहिली.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार वाक्यं मागे जातो. मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात टेप धरायचो. पाहणीच्या साहेबांनी टेपचं एक टोक धरायचं, दुसरं मी धरायचं, साहेबांनी आकडा वाचायचा आणि मी हो म्हणायचं. अशी बत्तीस वर्षं मी लोकांच्या भिंती, जिने, गच्च्या आणि न्हाणीघरं मोजली. त्या दिवशी आम्ही एका कंत्राटदाराच्या नव्या इमारतीत होतो. त्या रस्त्यावर दोनच मजल्यांना परवानगी. त्यानं मजले बांधले होते दोन, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक पोटमाळा. पोटमाळा मजल्यात धरत नाहीत. मात्र नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं, ‘पोटमाळा म्हणजे दोन मजल्यांमधली अशी जागा, जिच्यात प्रौढ माणूस ताठ उभा राहू शकत नाही.’

कंत्राटदार स्वतः त्या पोटमाळ्यात शिरला, कमरेत वाकला, मान छातीला लावली आणि तिथून म्हणाला, “बघा साहेब, पाठ मोडते इथं माणसाची.” साहेब मान डोलवायला लागले होते. पण डोलवता डोलवता त्यांनी फाइल उघडली, तर आत चिठ्ठी. बारीक, गोल अक्षर. ‘व्याख्येत ताठ हा शब्द आहे. टेपवाल्याला ताठ उभं करावं.’

कचेरीत सगळ्यांत उंच मी. मी आत गेलो, ताठ झालो, आणि चार बोटं उरली. साहेब म्हणाले, “हा मजला आहे.” मग कंत्राटदाराला त्या जागेची जमीन भर घालून वर उचलावी लागली. दोन महिने त्याचे गवंडी गुडघ्यांवर रांगत काम करत होते, कारण जमीन जसजशी वर येई तसतशी उभं राहायची सोय जाई. त्या दिवशी त्यानं चिठ्ठीकडे नुसतं पाहिलं आणि दोनच शब्द बोलला. “पुन्हा तीच.”

ती म्हणजे कचेरीच्या खिडकीत बसणाऱ्या आमच्या म्हणजेकाकू.

मला गावच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं, बेट म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं. बेट आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, तळ्यात बुडलेली म्हैस तेवढी पाहिली होती आणि आम्ही तिलाच बेट म्हणायचो. बांधकामाच्या नियमांचं पुस्तक तसंच होतं. पहिली चाळीस पानं नुसती व्याख्यांची. दुकान म्हणजे काय, गोदाम म्हणजे काय, अंगण म्हणजे काय, कुटुंब म्हणजे काय. साहेब लोकांना त्यातलं अर्धंही येत नसे. काकूंना चाळीसच्या चाळीस पानं पाठ. खिडकीपाशी कुणी येऊन म्हणालं, “काकू, मागच्या बाजूला एक खोली काढतोय,” की काकू चष्म्यावरून बघून विचारायच्या, “खोली म्हणजे?” म्हणून त्यांचं नाव पडलं म्हणजेकाकू. त्यांच्यासमोर कुणी म्हणत नसे, आणि त्यांना ते माहीत नाही असंही कुणी समजत नसे.

लोकांना त्यांचा धाक वाटायचा, पण त्या वाईट म्हणून नाही. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याची गोष्ट सांगतो. त्यानं घराच्या ओसरीत खुर्ची मांडली. घरातला धंदा चालतो, पण पाटी लावायची नाही असा नियम. त्यानं पाटीऐवजी रस्त्याकडे तोंड करून पुरुषभर उंचीचा आरसा लावला. शेजाऱ्यानं तक्रार केली. काकू म्हणाल्या, “पाटी म्हणजे ज्यावर अक्षरं असतात ती. आरशावर अक्षरं आहेत का?” आम्ही जाऊन पाहिलं, तर समोरच्या बेकरीची पाटी आरशात उलटी दिसत होती. साहेब गोंधळले. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, “मग बेकरीवाल्याला नोटीस काढा, तो न्हाव्याच्या घरात धंदा करतोय.” साहेब हसले, फाइल बंद झाली. न्हावी त्यानंतर माझे केस कापताना नेहमी जास्तच कापायचा, प्रेमानं.

तर अशी बाई. चणीनं अगदी बुटकी, खुर्चीवर बसली की पाय जमिनीला लागत नसत, म्हणून खाली जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवलेला. आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक काळ्या दगडाचा तुकडा. तळहाताएवढा. एक कड घासून गुळगुळीत केलेली, दुसरी तुटलेली. नवीन कारकून विचारायचे, “काकू, हा कसला दगड?” त्या सांगायच्या, “कागद दाबायचा.” त्या दगडाचं खरं काय ते कचेरीत फक्त मला ठाऊक होतं, कारण काकूंनी तो उचलला तेव्हा मी समोर टेपचं टोक धरून उभा होतो.

आता त्या दिवसाकडे चला. मी नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते.

काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. कंत्राटदार म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. हो, तोच, पोटमाळेवाला. वडिलांची जागा एक, समोर थोरल्याचं घर, मागे अंगण ओलांडून धाकट्यानं स्वतः बांधलेली खोली. कागदावर सगळी जागा थोरल्याच्या नावावर, कारण वडील गेले तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता आणि थोरला म्हणाला होता, “आपल्यात नावाचं काय.” त्या खोलीत काकू आणि त्यांचे यजमान अकरा वर्षं राहिले. यजमानांनी स्वयंपाकाचा ओटा स्वतः घातला होता. बाजारात सगळे ओटे साधारण तेहतीस इंचांचे असतात. काकू बुटक्या, म्हणून त्यांनी आधी काकूंना भिंतीशी उभं केलं, कोपराखाली पेन्सिलची रेघ मारली आणि तिथं ओटा बसवला. सत्तावीस इंच. वर काळी फरशी, तिची कड त्यांनी घड्याळाच्या कानशीनं दोन रविवार घासली, हाताला लागू नये म्हणून. मग ते गेले. पोटाचं दुखणं झालं आणि पाच आठवड्यांत गेले.

त्याच वर्षी नगरपालिकेनं गावाचे पट्टे पाडले. या रस्त्यावर दुकानं, त्या रस्त्यावर कारखाने, आणि काकूंची गल्ली आली एककुटुंबी पट्ट्यात. म्हणजे एका जागेवर एकच घर. नवं दुसरं घर बांधता येणार नाही, पण जी घरं आधीपासून उभी आहेत ती मोजून प्रत्येकाला नंबर द्यायचा. आणि नंबर कुणाच्या नावे, तर जो तिथं दहा वर्षं स्वतंत्र राहिला त्याच्या नावे. थोरल्याचं घर बेचाळीस नंबरचं होतं. मागची खोली झाली असती बेचाळीस-अ, आणि ती झाली असती काकूंची. कुणी बाहेर काढू शकलं नसतं.

आता घर म्हणजे काय? पुस्तकात होतं, ‘घर म्हणजे स्वतंत्र दार, न्हाणी आणि पक्का ओटा असलेली, माणसांनी राहण्याची जागा.’ दार होतं, न्हाणी होती. थोरल्यानं आदल्या दिवशी दोन गवंडी पाठवले. काकूंना सांगितलं, “ओट्याखालची मोरी तुंबलीय, नवी पाइप टाकतो, दोन दिवसांत ओटा जसाच्या तसा बसवून देतो.” संध्याकाळपर्यंत ओट्याच्या जागी नुसती माती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. मोठ्या घराच्या दारातून थोरली जाऊ काकूंना हाक मारत होती. ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. “आज ओटा तुटलाय ना, आमच्याकडेच जेव. तेवढ्यानं काय परकं व्हायचंय?” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्यावर जावेनं पहिल्यांदाच गोड बोलून ताट वाढलं होतं. काकू जाऊन जेवायला बसल्या. साहेब ओसरीत उभे होते, त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. कारण पुस्तकात हेही होतं, ‘कुटुंब म्हणजे एका ओट्यावरचं जेवणारी माणसं.’

काकू हात धुऊन आल्या तोवर कागद तयार होता. मागील जागेत पक्का ओटा नाही. सदर बाई मुख्य घरी जेवतात. सबब मागील जागा घर नसून कोठार आहे.

काकू कागद वाचायला लागल्या, तर थोरला म्हणाला, “वाचत काय बसतेस. घरचीच माणसं आहोत.” काकूंनी सही केली. साहेबांची आणि त्यांची नजरानजर झाली नाही, साहेबांची आणि कंत्राटदाराची झाली. मी पाहिली. अंगणात ढिगाऱ्यात काळी फरशी फुटलेली पडली होती, तिला जुना चुना अजून चिकटलेला होता, आणि मी टेपचं टोक धरून तोंड मिटून उभा होतो. आठ महिन्यांची नोकरी, दुसरं काय. काकू ढिगाऱ्याकडे गेल्या आणि घासलेल्या कडेचा एक तुकडा उचलून त्यांनी मुठीत धरला. माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळायला लागलो.

महिन्याभरात थोरल्यानं सांगितलं, “कोठारात माणसानं राहू नये असा कायदा आहे. माझ्यावर येईल.” आणि खरंच तसा कायदा होता. मोठ्या घरात जागा आहे का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा जाऊ म्हणाली, “आमचंच आम्हाला पुरत नाही.” एका महिन्यात परकं झालं.

काकू कचेरीत आल्या. त्या पाहणीच्या कागदाची नक्कल मागितली. कारकून म्हणाला, “नक्कल जागेच्या मालकालाच मिळते.” काकूंनी विचारलं, “आणि ते रजिस्टर बघायला कुणाला मिळतं?” तो चेष्टेनं म्हणाला, “इथं नोकरी करणाऱ्याला.” पुढच्या आठवड्यात काकूंनी नकलाकार म्हणून अर्ज टाकला. यजमानांच्या घड्याळांच्या चिठ्ठ्या लिहून लिहून त्यांचं अक्षर मोत्यासारखं झालं होतं. लागल्या. राहायला गेल्या नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात, आणि तिथं बावीस वर्षं राहिल्या. वसतिगृह म्हणजे काय, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. ‘वसतिगृह म्हणजे जिथे झोपण्यास स्वतंत्र व जेवण्यास सामाईक जागा असते, आणि खोलीत ओटा नसतो.’ सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, “काकू, आता तुम्ही इथंच आहात, ते रजिस्टर तुमच्या कपाटात आहे. कोठार खोडून घर लिहा की. कोण बघतंय?”

त्या म्हणाल्या, “मी खोडलं तर ते माझं अक्षर होईल. मला त्याचं हवंय.”

तेव्हा मला कळलं की ही बाई नोकरी करत नाहीये, दबा धरून बसली आहे.

तोवर हात मोकळे ठेवले नाहीत हं त्यांनी. कंत्राटदाराची एकही फाइल सरळ गेली नाही. सज्जा म्हणजे तीन बाजूंनी उघडा. यानं एक बाजू भिंतीनं बंद केली होती, ती खोली धरली गेली. झाड म्हणजे ज्याचं खोड मनगटाहून जाड. यानं इमारतीभोवती अटीतल्या झाडांऐवजी काठ्या रोवल्या होत्या, तर आमचे नवे साहेब, मी आणि टेप, प्रत्येक काठीला मनगट लावत फिरलो. त्याच्या चुका त्याच असायच्या, काकू फक्त शब्दावर बोट ठेवायच्या. तो साहेबांना चहा पाजायचा, साहेब चहा पिऊन म्हणायचे, “काय करू, शब्दच तसा आहे.” एकदा तो खिडकीपाशी येऊन दात खाऊन म्हणाला, “इतक्या वर्षांचा डूख धरून बसलीस?” काकू म्हणाल्या, “डूख ही व्याख्या आमच्या पुस्तकात नाही, भावोजी. पुढचे कोण?”

पण हे सगळं तोंडी लावणं. जेवण पुढेच होतं.

थोरली जाऊ वारली. मुलाचं लग्न झालं. सून घरात आली आणि वर्षभरात कंत्राटदाराची खाट अंगण ओलांडून मागच्या खोलीत गेली. मुलगा म्हणाला, “बाबा, तिकडं शांत आहे.” त्यांच्या पथ्याचं त्यांनी वेगळं करून घेतलेलं बरं म्हणून मुलानं तिथं एक ओटाही घालून दिला. ज्या माणसानं अर्ध्या गावाला घरं बांधून दिली, तो कोठारात चहा उकळत बसला.

ही बातमी मी काकूंना सांगितली. त्या लिहीत होत्या, लिहीतच राहिल्या. फक्त दगड उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

त्या वर्षी गावातल्या सगळ्या कोठारांची पाहणी निघाली, कारण एका ठिकाणी रंगाच्या डब्यांना आग लागली होती. यादी करायचं काम काकूंचं. यादी गल्लीच्या अक्षराप्रमाणे लावायची असा हुकूम. पण कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायची हे हुकमात नव्हतं. काकूंनी यादी त्यांच्या गल्लीच्या अक्षरापासून सुरू केली आणि फिरवून परत तिथं आणून सोडली. पहिल्या नंबरावर बेचाळीसच्या मागचं कोठार.

आम्ही गेलो तर कोठारात खाट, खाटेवर कंत्राटदार. आता साहेब तरी काय करणार. नोटीस निघाली. कोठारात मनुष्यवस्ती. पंधरा दिवसांत माणूस हलवावा किंवा जागा नियमात आणावी.

मुलगा म्हणाला, “तुमच्या ओळखी आहेत ना कचेरीत, बघा जाऊन.” सुनेनं दाराला आतून कडी घातली.

बाराव्या दिवशी कंत्राटदार काकूंच्या खिडकीपाशी आला. पाठीला बाक आलेला. पोटमाळ्यात त्याला वाकून दाखवायची गरज पडली नसती आता. मी मुद्दाम शेजारच्या कपाटातल्या फायली लावत उभा राहिलो. चार फायली मी अर्धा तास लावल्या.

“ती मागची खोली,” तो म्हणाला, “घर म्हणून करून पाहिजे.”

“एककुटुंबी पट्टा आहे, भावोजी. कोठाराचं घर करता येत नाही.”

“काहीतरी असेल की पुस्तकात. तुला सगळं पाठ आहे म्हणतात.”

काकूंनी पुस्तक उघडलं नाही. “पूर्वापार घर म्हणजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “पट्टा लागू होण्याआधी जिथं स्वतंत्र ओट्यावर स्वयंपाक होत होता अशी जागा, पुढे ओटा काढला गेला असला तरी. ते घर म्हणून पुन्हा लागतं. जागेच्या मालकानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं पाहिजे.”

तो म्हणाला, “दे कागद.”

छापील कागद होता. काकूंनी तो दोन्ही बाजूंनी उलटून दाखवला, मागच्या बाजूच्या अटींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “वाचून घ्या.”

“वाचायचं काय त्यात,” तो म्हणाला. चष्मा घरी राहिला होता बहुतेक. “घरचीच माणसं आहोत.”

मी फाइल हातात धरून उभा. काकूंचा चेहरा हलला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी तिथं कोण राहत होतं ते लिहा.”

त्यानं भावाचं नाव लिहिलं. मग थांबून भावजयीचं लिहिलं.

“किती वर्षं?”

“अकरा.”

“ओटा होता?”

“होता.”

“मग गेला कुठं?”

त्यानं पेन टेकवलं. “दुरुस्तीला काढला असं लिहितो.”

“दुरुस्ती म्हणजे वस्तू होती तशी परत करणं. केलीत?”

खिडकीच्या मागे रांग लागली होती. एक बाई म्हणाली, “आजोबा, आवरा की लवकर.” कंत्राटदारानं मागे पाहिलं नाही.

“नाही केली,” तो म्हणाला.

“मग तो शब्द इथं चालत नाही. दुसरा लिहा.”

“कुठला?”

“तुम्हाला माहीत आहे.”

त्यानं लिहिलं, तोडला. काकूंनी कागद फिरवून वाचला आणि परत त्याच्याकडे सरकवला. “कुणी, ते राहिलं.”

त्यानं ‘मी’ लिहिलं, त्यापुढे ‘पाहणीच्या आदल्या दिवशी’ लिहिलं, कारण तारखेचा रकाना होता. खाली सही केली. काकूंनी शाई वाळेपर्यंत कागदावर दगड ठेवला.

तो दगड त्यानं ओळखला की नाही, सांगता येत नाही. पण तो त्याच्याकडे पाहत होता खरा.

तीन दिवसांनी पाहणी. काकूंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली आणि आमच्याबरोबर आल्या, कारण अर्जात नाव असलेल्या माणसानं हजर राहायचं असतं. अंगण ओलांडताना त्या कुठंही पाहत नव्हत्या. मुलगा आणि सून मोठ्या घराच्या दारात उभी होती. कंत्राटदार खाट आवरून, अंघोळ करून, घर होणार म्हणून तयार बसला होता.

दार, न्हाणी, ओटा. मी टेप लावली. नवा ओटा तेहतीस इंच. मग साहेब खाली वाकले. नव्या ओट्याच्या पोटात, भिंतीवर, रंगाच्या थरांखालून एक आडवी खोबण दिसत होती, जिथं कधीकाळी फरशी भिंतीत घुसवलेली होती. मी तिथं टेप धरली. आकडा वाचायचं काम साहेबांचं, पण त्या दिवशी मीच वाचला.

“सत्तावीस.”

काकू माझ्याकडे बघून हसल्या. मोती गवसावा तसं मला वाटलं. त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, आता तुम्हाला सांगून टाकतो.

साहेबांनी जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारली, समासात कंत्राटदाराच्या लेखी जबाबाचा क्रमांक घातला आणि मोठ्यानं वाचलं. सदर जागा कोठार नसून पूर्वापार घर आहे. नंबर बेचाळीस-अ.

“झालं तर मग,” कंत्राटदार खाटेवर बसत म्हणाला.

साहेब पुढे वाचत गेले. नियमाप्रमाणे नंबर त्या वेळी राहणाऱ्याच्या नावे. आणि त्यांनी काकूंचं नाव वाचलं.

कंत्राटदार उठला. “अर्ज माझा आहे.”

“अर्ज तुमचा, घर त्यांचं,” साहेब म्हणाले. “मागच्या बाजूला छापलंय. त्यांनी दाखवलं नाही का?”

“दाखवलं,” काकू म्हणाल्या.

तो मुलाकडे वळला. मुलगा सुनेकडे वळला. सून म्हणाली, “आमचंच आम्हाला पुरत नाही.” शपथेवर सांगतो, अगदी तेच शब्द. तिला कुणी शिकवले नव्हते, त्या दारातच काहीतरी असावं.

मी बेचाळीस-अ ची निळी पत्र्याची पाटी चौकटीवर दोन खिळ्यांनी ठोकली. साहेबांच्या फॉर्मात एकच रकाना उरला होता. कुटुंबातील माणसे, आणि त्याखाली बारीक अक्षरात, प्रमुख म्हणजे ज्याचा ओटा. साहेब पेन उघडून उभे होते. काकू आत गेल्या, पिशवीतून तो दगड काढून ओट्यावर ठेवला, टाचा उंचावून पाहिल्या आणि म्हणाल्या, “सहा इंच उंच आहे. खाली घ्यावा लागेल.”

कंत्राटदार चौकटीला धरून बाहेर उभा होता. अर्ध्या गावाचा कंत्राटदार, आणि पाय आत टाकावा की नाही हे त्याला कळत नव्हतं. “आणि मी कुठं जाऊ?” तो म्हणाला.

काकू मागे वळल्या, आणि जावेचा तोच गोड आवाज काढून म्हणाल्या, “आज आमच्याकडेच जेवा, भावोजी. तेवढ्यानं काय परकं व्हायचंय? लिहा हो साहेब.”